ऋण गुणिले ऋण धन का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. हा प्रश्न मला मुलांपेक्षा त्यांचे पालकच अधिक विचारतात, कारण दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो हे त्यांना वर्षानुवर्षे पाठ असते, पण तो तसा का येतो हे त्यांना कधी कोणी सांगितलेले नसते. उत्तर म्हणून बहुधा कर्जाची गोष्ट ऐकवली जाते: डोक्यावरचे कर्ज उतरले की तो फायदाच. गोष्ट पटते खरी. मात्र कर्जाला कर्जाने गुणायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे तिला विचारले की ती गप्प बसते.

म्हणून मी ऋण संख्या क्षणभर बाजूला ठेवतो आणि ८ × ७ हा साधा गुणाकार (१० − २) × (१० − ३) असा मांडतो. बाजू १० असलेला चौरस काढावा. त्याच्या एका कडेची २ रुंदीची आणि तिला लागून असलेल्या कडेची ३ रुंदीची पट्टी कापायची आहे. पट्ट्यांची क्षेत्रफळे २० आणि ३०, म्हणून १०० मधून ५० वजा केले, तर उरतात ५०. पण ८ × ७ तर ५६ होतात. हे ६ गेले कुठे? कोपऱ्यातला २ × ३ चा तुकडा दोन्ही पट्ट्यांत येतो, त्यामुळे तो दोनदा वजा झाला आणि एकदा परत मिळवावाच लागतो; म्हणजे वजा २ गुणिले वजा ३ चे अधिक ६ होतात. तिसऱ्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या डायोफँटस या ग्रीक गणितज्ञाने हा नियम सांगितला आहे, आणि गंमत म्हणजे ऋण उत्तर देणारे समीकरण त्याच्या मते निरर्थक होते.

ऋण संख्यांना स्वतंत्र संख्या मानून त्यांच्या गुणाकाराचा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त स्पष्ट शब्दांत दिला. त्यामागचे कारण आज आपण असे मांडू शकतो: ३ आणि −३ यांची बेरीज शून्य, तेव्हा −२ ने तिला गुणले तरी शून्यच यायला हवे. −२ × (३ + (−३)) यातला कंस सोडवला की दोन गुणाकार मिळतात. पहिला −२ × ३, म्हणजे −२ तीनदा मिळवणे, म्हणजेच −६; दुसरा आपल्याला हवा असलेला −२ × −३. दोघांची बेरीज शून्य व्हायची, तर दुसऱ्याला ६ होण्यावाचून गत्यंतर नाही. तो −६ आहे असे कोणी हट्टाने ठरवले, तर बेरीज −१२ येईल, आणि मग कंस सोडवण्याचा जो नियम आपण धन संख्यांसाठी डोळे झाकून वापरतो, तो ऋण संख्यांपुरता सोडून द्यावा लागेल. तसे करायला बंदी नाही. पण त्यानंतरचे बीजगणित फारसे कामाचे राहणार नाही.

मला खरा राग आहे तो ‘वजा वजा अधिक’ या घोकंपट्टीवर. तिच्यातून ‘गुणाकार’ हा शब्दच गळाला आहे, आणि त्यामुळे −२ आणि −३ यांची बेरीज, जी −५ आहे, ती कित्येक उत्तरपत्रिकांत बिनदिक्कत ५ होते.