मांजराचं वय आणि माझं

मांजर गेलं की आठवड्याच्या आत लोक विचारायला लागतात, "मग, दुसरं आणणार का?" विचारणाऱ्यांचे सरळसरळ दोन तट असतात. एक म्हणतो, लगेच आणा, नाहीतर घर खायला उठेल. दुसरा म्हणतो, आता पुरे, किती वेळा रडायचं? दोन्ही तटांची खात्री इतकी पक्की असते की यांनी कधी मांजर पाळलंच नसावं, असा मला संशय येतो. पाळलेली माणसं या विषयावर गुळमुळीतच बोलतात. मीही त्यांतलीच.

आमच्याकडची तीन मांजरं आजवर गेली. मन्या हा बोका भरपूर जगला आणि किडनीच्या दुखण्याने गेला. ठमी, आमची तिरंगी, म्हातारी होऊन झोपेतच गेली. आणि या दोघांच्या मागून आलेलं एक पिल्लू तर नाव ठरायच्या आत गेलं. घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं होतं, कुणी माघार घ्यायला तयार नव्हतं, त्यामुळे त्याला सगळे नुसतं "ए" म्हणायचे. त्या हाकेलाही ते यायचं.

दुसरं आणलं तर आधीच्याशी बेइमानी होते का, हा प्रश्न मला फार वेळ छळत नाही. मांजरांच्या जगात असलं काही नसतं. नवं मांजर आलं की आधीच्याने गाल घासलेले दाराचे कोपरे हुंगतं, स्वतःचा गाल त्यावर घासतं आणि विषय संपवतं. बेइमानीची भानगड आपली. ती आपणच निस्तरावी, मांजराच्या गळ्यात बांधू नये.

किती थांबायचं, हा प्रश्न मात्र खरा आहे. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की घरातली सगळी माणसं भुवया भादरून टाकत. (कुत्रा मेला तर डोक्यासकट सगळं अंग. मांजरवाल्यांनी असल्या तपशिलावर रुसू नये, पण मी रुसले.) मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. भुवया पुन्हा नीट यायला तीनचार महिने तरी लागतात. रोज आरशात बघितलं की आपलं कुठवर आलंय ते आपोआप कळणार. शिवाय ज्याच्या चेहऱ्यावर भुवयाच नाहीत त्याला "मग, दुसरं आणणार का?" असं विचारायची कुणाची छाती होईल?

आमच्या पिल्लाच्या वेळी किती थांबायचं ते आम्हाला ठरवावंच लागलं नाही. ते गेलं पॅनल्यूकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या पार्व्होने. या रोगाचा विषाणू महाचिवट. घराच्या फटीफटींत तो वर्षभरसुद्धा तग धरतो आणि नेहमीच्या बऱ्याच जंतुनाशकांना दाद देत नाही. आधी सगळं घासून धुवायचं, मग पाण्यात कालवलेल्या ब्लीचने पुसायचं आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. फिनाइल वापरू का विचारलं तर ते चिडलेच, कारण फिनाइल मांजरांना विषारी. सतरंजी, टोपली, चेंडू सगळं टाकून दिलं. अशा घरात लस न टोचलेलं पिल्लू आणणं म्हणजे त्याला सरळ रोगाच्या तोंडी देणं. लसीची सुरुवात सहा ते आठ आठवड्यांच्या वयात होते आणि पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीनचार आठवड्यांनी पुन्हापुन्हा टोचावं लागतं. तेव्हा वर्षभर पिल्लू आणणं नाहीच, असं ठरून गेलं. त्या वर्षात कुणी विचारलं की मी विषाणूचं नाव पुढे करायची. समोरचा लगेच गप्प व्हायचा. खरं सांगायचं तर मला त्या विषाणूचा आधारच झाला होता.

वर्ष सरलं आणि मन जरा तयार झाल्यासारखं वाटायला लागलं, तेव्हा पुढची खोड सुरू झाली. हवं तर ठमीसारखंच हवं. अंग पांढरं, पाठीवर काळं आणि नारिंगी, नाकाच्या एकाच बाजूला ठिपका. मांजरांचे फोटो बघत रात्ररात्र बसायचं आणि प्रत्येकीत काहीतरी खोट काढायची. हिचा ठिपका डावीकडे आहे, हिची शेपटी आखूड आहे. या वेडाला आवर घातला तो सीसीने.

सीसी म्हणजे जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ रोजी ती जन्मली. ज्या मांजरीच्या पेशीतून तिला घडवलं ती रेनबो तिरंगी होती. जनुकं तीच, आणि तरीही सीसी निघाली पांढरी न् करड्या पट्ट्यांची. नारिंगी केस औषधालासुद्धा नाही! कारण असं की मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यांतलं एक गर्भात असतानाच झोपी जातं. कुठल्या पेशीत कुठलं झोपेल याला काही नियम नाही. रंग नारिंगी होणार की काळा, हे ठरवणारं जनुक याच गुणसूत्रावर, म्हणून तर तिरंगीच्या अंगावर तसे डाग पडतात आणि तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. सीसी ज्या पेशीपासून घडली तिच्यातलं नारिंगीवालं गुणसूत्र झोपलेलं होतं, ते झोपलेलंच राहिलं. एवढं विद्यापीठ, एवढे शास्त्रज्ञ, आणि त्यांना तिरंगीपासून तिरंगी काही करता आली नाही. हे वाचल्यावर मी फोटो बघणं सोडलं.

सीसीला पुढे पिल्लं झाली. सीसी स्वतः १८ वर्षं जगली आणि मार्च २०२० मध्ये गेली. कशाने? किडनीनेच. मन्यासारखीच.

म्हाताऱ्या मांजरांत हे दुखणं फार. आधी मांजर पाणी जास्त पितं. मग ट्रेमधल्या वाळूचे गोळे मोठे व्हायला लागतात. मग कुरवाळताना पाठीचा कणा हाताला लागतो. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, वाढलेलं दिसेपर्यंत किडनीचा पाऊण भाग कामातून गेलेला असतो. मांजराची जातच दुखणं लपवणारी. मन्याला शेवटी त्वचेखाली सलाईन द्यावं लागे. नवरा पिशवी उंच धरून उभा, मी मांडी घालून बसलेली, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर मन्या. खांद्यांमधली कातडी चिमटीत वर उचलायची, सुई आत घालायची आणि थेंब मोजत बसायचं. संपलं की सलाईन हळूहळू पुढच्या पायापाशी उतरे आणि मन्या तो फुगलेला पाय घेऊन, पैलवान आखाड्यातून निघावा तसा, खोलीतून निघून जाई. राग सगळा नवऱ्यावर. सुई माझ्या हातात असायची, पण मला माफी होती. पिशवी धरणाऱ्याकडे मात्र संध्याकाळपर्यंत पाठ. बिचाऱ्याने वर्षभर हे सोसलं.

दुसऱ्या मांजराचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर पिल्लू येतं, दोऱ्यामागे धावणारं. माझ्यासमोर ती पिशवी येते. मांजर आणणं म्हणजे त्याचं ते शेवटचं वर्षही आजच कबूल करणं. नवरा तर स्पष्टच म्हणतो, "मांजर चालेल. सलाईन चालणार नाही." हे काही वेगळं काढून मिळत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

गंमत अशी की ते महिने मला वाईट म्हणून आठवत नाहीत. मन्या जन्मात कधी मांडीवर बसला नव्हता. त्याला मांड्यांची ॲलर्जी आहे असं आम्ही म्हणत असू. शेवटच्या महिन्यांत अंगात ऊब राहीना, तेव्हा स्वतःहून येऊन बसायला लागला. गुरगुर इतकी बारीक, की कानाला ऐकू येण्याआधी मांडीला कळायची.

आता हिशेब. घरात राहणारं, लसी टोचलेलं, नसबंदी झालेलं मांजर १२ ते १८ वर्षं सहज जगतं. वीस गाठणारीही असतात. टेक्सासमधलीच क्रीम पफ नावाची मांजरी १९६७ ते २००५ अशी ३८ वर्षं जगली आणि विक्रम करून गेली. माझी साठी उलटली आहे. आज दोन महिन्यांचं पिल्लू आणलं आणि ते सुखाने जगलं, तर त्याच्या म्हातारपणी मी ऐंशीच्या घरात असेन. तेव्हा त्याला सुई टोचायची वेळ आली तर माझा हात कापत असेल. आणि त्यातून ते क्रीम पफच्या वळणावर गेलं तर विचारूच नका.

मन्याच्या वेळी, ठमीच्या वेळी मला भीती एकच होती. हे जाणार आणि मी मागे राहणार. आता पहिल्यांदाच उलटी भीती वाटली. मी जाणार आणि ते मागे राहणार. बंद दाराबाहेर बसून राहणार, कुणीतरी नाइलाजाने उचलून कुठेतरी नेणार. ही दुसरी भीती समोर आल्यावर पहिली एकदम लहान झाली. मांजर आपल्याच घरात, आपल्या देखत म्हातारं होतं, जातं आणि आपण रडतो, म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलेलं असतं. इतकी वर्षं मी त्यालाच वाईट झालं म्हणत होते.

मांजरांना घरं शोधून देणाऱ्या एका बाईंना फोन केला. त्यांनी माझं वय विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न, "तुमच्यानंतर कोण?" मला तो प्रश्न आवडला. नातेवाइकांत कुणी इतकं सरळ विचारत नाही. त्या म्हणाल्या, पिल्लांना घरं पटापट मिळतात, अडून राहतात ती मोठी मांजरं. त्यांतली कितीतरी अशी, की ज्यांची माणसंच वारलेली असतात. म्हणजे मला जी भीती वाटत होती ती ज्यांच्या बाबतीत घडून गेली आहे, तीच मांजरं माणूस शोधत होती.

मग दहा वर्षांच्या मांजरांची चौकशी सुरू केली. दहा वर्षांचं मांजर म्हणजे माणसाच्या मापाने ५६ चं. माझ्याहून थोडं धाकटंच. पडद्यावर चढायचं वय गेलेलं. पिल्लू मोठेपणी मायाळू निघेल की फिसकारत फिरेल हे आधी कळत नाही. माणसाची सवय लागते ती दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, आणि ते आठवडे कुठे गेले हे पुष्कळदा कुणालाच ठाऊक नसतं. मोठ्याचं जे काही झालंय ते समोर दिसतं. शेजारीण म्हणाली, "पण ते फार तर सातआठ वर्षं जगेल हो!" मी म्हटलं, अगदी माझ्या मापाचं.

मुलीने फोनवर "आई, नंतर मी बघेन" असं कबूल केलं. बाईंना तेवढं पुरेना, तेव्हा लिहून पाठवलं. नवऱ्याने पिशवी धरायचं कबूल केलेलं नाही, पण मांजर बसल्या जागी सलाईन टांगता येईल असा खिळा कुठे ठोकावा, याबद्दल तो परवा काहीतरी पुटपुटत होता.

एकच घोळ उरला आहे. जो बोका बघितला आहे त्याचं नाव बंडू. दहा वर्षं तो या नावाने राहिला आहे. मांजरं स्वतःचं नाव बरोबर ओळखतात, हे जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं आहे, तेव्हा या वयात त्याला बदलायला लावणं बरं नव्हे. आणि माझ्या थोरल्या दिरांना घरात सगळे बंडूच म्हणतात. ते दर सुट्टीत येतात, आठवडाभर राहतात आणि त्यांना मांजरं बिलकुल आवडत नाहीत. त्यांना कुणी सांगायचं यावर सध्या चर्चा चालू आहे. नवरा म्हणतो, मांजर तुझं, तू सांग. मी म्हणते, भाऊ तुझा.