तुम्ही विचारलंत म्हणून: पोलो का विकली?

सोलापुरात सात रस्त्याला भेटलात तरी तेच, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलात तरी तेच. "रेसिंग ट्रॅकवर जायचं एवढं वेड, मग पोलो जीटी विकून व्हर्टस कशाला घेतलीस?" दोन्ही फोक्सवॅगनच्याच गाड्या, पोलो छोटी हॅचबॅक आणि व्हर्टस मागे डिकीवाली सेडान. इतके दिवस मी "डिकी मोठी आहे" म्हणून सुटतोय. आहेच मोठी, ५२१ लिटरची. पण ते कारण नाही.

आधी हॅचबॅकची बाजू मांडतो, कारण "लेकरं झाली म्हणून विकली" असं तुम्ही म्हणता तेव्हा तिच्यावर अन्याय होतो. लेकरं त्या गाडीत मजेत होती. कोइमतूरच्या करी ट्रॅकवर वळणांना दम घ्यायला जागा नाही. तिथे १०५ पीएसची (म्हणजे साधारण तेवढ्या अश्वशक्तीची) पोलो जीव लावायची. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जेमतेम २.४७ मीटर. नाक वळवलं की शेपूट लगेच पाठोपाठ. व्हर्टसचा व्हीलबेस २.६५ मीटर, इंजिन १५० पीएसचं, सरळ रस्त्याला पोलो तिच्या आसपासही नाही. पण वजन जास्त, मागे पोलोसारखेच ड्रम ब्रेक, आणि वळणात शिरताना ती क्षणभर थांबायला लावते.

पोलोला मी कडक, बुटक्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. वळणात गाडी कलत नाही म्हणून. गुळगुळीत ट्रॅकवर ठीक. रस्त्यावर तोच कडकपणा थेट सीटमध्ये येतो. तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरायचो, एकाच गाडीत घर आणि ट्रॅक दोन्ही भागतं.

मग आप्पांच्या मांडीचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं, रॉड टाकला. घरी आणताना धाकटा भाऊ म्हणाला, ॲम्ब्युलन्स करू. मी म्हणालो, कशाला, माझी गाडी आहे की. अडीचशे किलोमीटर, चार तास.

आप्पा मागच्या सीटवर आडवे. पाय पूर्ण लांब होईना, टाच दाराला टेकायची. आईने टाचेखाली चादरीची घडी ठेवली. भिगवणपर्यंत ठीक गेलं. इंदापूर सोडून भीमेचा पूल लागला आणि पुलाच्या एकेका सांध्यावर मागून श्वास ओढल्याचा आवाज यायला लागला. सांधा, श्वास. सांधा, श्वास. मी ऐंशीवरून साठवर आलो, साठवरून चाळीसवर. मागचे ट्रक हॉर्न मारत होते. "आप्पा, थांबू का?" "चालू दे." टेंभुर्णीला थांबलो, तर चहाही नको म्हणाले. मोहोळच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर मला दिसला नाही. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. घरी उतरवताना बघितलं, तळहातावर खिडकीवरच्या हँडलची खाच उमटली होती. यंत्रमागावर चाळीस वर्षं घालवलेला हात तो. म्हणाले, "चांगली पळती रे तुझी गाडी."

तुम्ही म्हणाल, यात हॅचबॅकचा काय दोष? काहीच नाही. धाकटाही तेच म्हणाला, स्प्रिंगा बदल, गाडी कशाला विकतोस. कंपनीच्या मूळ स्प्रिंगा आमच्याच माळ्यावर, पोत्यात बांधून ठेवलेल्या. अर्ध्या दिवसाचं काम. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशीही करता आलं असतं. मी ते नंतर केलं, गाडी मऊही झाली, पण आरशात बघितलं की ते हँडल दिसायचं. चार महिने चालवली, मग दिली.

व्हर्टसला मी ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल सोडून कशालाच हात लावलेला नाही. तिच्यातूनही करीला जाऊन आलो. वेळ कमी लागला, मजाही कमी आली. त्या कडक स्प्रिंगा आता माळ्यावर आहेत. गिऱ्हाईक दोनदा आलं, मी दिल्या नाहीत. का, ते मला सांगता येणार नाही.

आप्पा आता काठी घेऊन चालतात, गाडीत पुढे बसतात. मागच्या मंगळवारी तुळजापूरला जाताना घाटात त्यांनीच विचारलं, "ती लाल गाडी बरी होती की. का विकलीस?"

मी म्हणालो, डिकी लहान होती.