पडीक सर्व्हरवरून आलेला स्पॅम

फेब्रुवारी २०२४, म्हणजे खाडीत रोहित पक्ष्यांचा ऐन हंगाम. मॅस्टोडॉन म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं समाजमाध्यम. मी चालवतो तो सर्व्हर ठाणे-नवी मुंबईतल्या पक्षीनिरीक्षकांचा. त्या सकाळी रिपोर्टांची रांग लागली होती. नेरुळच्या एका काकांनी विचारलं, "अरे, मला जपानीतून कोण हाका मारतंय?" जपानी मजकूर, एक चित्र, डिस्कॉर्डची लिंक आणि अनोळखी लोकांचे मेन्शन, म्हणजे पोस्टमध्ये नाव घेऊन मारलेल्या हाका. पाठवणारी खाती नुकतीच उघडलेली, नावं म्हणजे अक्षरांची भेळ, फॉलोअर शून्य.

एकेक खातं सस्पेंड करण्यात अर्थ नव्हता. मिनिटाभरात त्याच सर्व्हरवर दुसरं उभं राहत होतं. हे सगळे सर्व्हर छोटे, मॅस्टोडॉनचे किंवा त्याच्याशी जोडलं जाणाऱ्या मिस्की या दुसऱ्या सॉफ्टवेअरचे. नोंदणी सताड उघडी आणि चालक कधीचा फिरकलेला नाही. स्क्रिप्ट तात्पुरत्या ईमेलवर खातं काढते आणि सुटते. अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये (हे सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती सामायिक पद्धत) कुठलाही सर्व्हर आपल्या इनबॉक्सात थेट पोस्ट टाकू शकतो. आपण डिजिटल स्वाक्षरी तपासतो खरी, पण ती अस्सलच असते. त्यातून पाठवणारा कळतो, त्याची नियत नाही.

मग डोमेनच अडवायचं, म्हणजे अख्खा सर्व्हर. इथे घाई महागात पडते. डोमेन सस्पेंड केलं की दोन्हीकडचे फॉलो तुटतात, आणि नंतर बंदी उठवली तरी परत जुळत नाहीत. लिमिट हा दुसरा पर्याय सौम्य आहे: फॉलो शाबूत राहतात, सार्वजनिक टाइमलाइनवर काही दिसत नाही आणि आपण फॉलो न केलेल्या खात्याची सूचना येत नाही. मेन्शनच्या स्पॅमला तेवढं पुरतं. म्हणून आधी सगळ्या डोमेनांना लिमिट लावलं, मग प्रशासन पानावर प्रत्येकाशी आमचे किती फॉलो आहेत ते पाहिलं. शून्य असेल तर सस्पेंड. एका मिस्की सर्व्हरवर जपानमधले पाणपक्षी टिपणारे दोघे निघाले, आमची बरीच मंडळी त्यांना फॉलो करतात. तो लिमिटवरच ठेवला.

दुपारपर्यंत इतर चालकांच्या तयार ब्लॉक-याद्या फिरू लागल्या. त्या सीएसव्ही फाइलने आयात करता येतात आणि जिथे आपले फॉलो आहेत त्या डोमेनांवर मॅस्टोडॉन इशाराही देतो. तो न वाचता 'सगळे निवडा' दाबणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

एव्हाना साइडकिकची (मॅस्टोडॉनची कामं पडद्यामागे उरकणारा प्रोग्राम) 'इनग्रेस' रांग फुगली होती. बाहेरून येणारं सगळं तिच्यातूनच जातं, त्यामुळे खऱ्या पोस्टही रखडल्या. तिच्यासाठी वेगळी प्रक्रिया चालू केल्यावर रांग ओसरली.

रिले (अनेक सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्ट एकमेकांना पोहोचवणारी सेवा) बंद करा, अशीही सूचना आली. मी नाही केला. मेन्शन थेट इनबॉक्सात येतो, त्याला रिले लागत नाही. उलट, आपल्या सर्व्हरवरचं कुणीतरी ज्यांना फॉलो करतं मुख्यतः त्यांच्याच पोस्ट एरवी, रिलेशिवाय, आपल्याकडे पोहोचतात. हॅशटॅगखालीही तेवढंच दिसतं. आमच्यासारख्या छोट्या सर्व्हरवर रिले तोडला तर ऐरोलीचा नवा निरीक्षक 'रोहित' शोधेल आणि त्याला चारच फोटो दिसतील.

संध्याकाळी आपलं दार पाहिलं. आमची नोंदणी मंजुरीनेच होते. 'शेवटचा पक्षी कुठे पाहिला?' एवढा एक प्रश्न असतो. तात्पुरत्या ईमेलवाल्यांची डोमेनं रोज बदलतात, पण मागचा मेल सर्व्हर बहुधा तोच. म्हणून ईमेल-बंदीत एमएक्स नोंदीही (डोमेनचा मेल सर्व्हर कोणता ते सांगणाऱ्या) घातल्या. त्याच महिन्यात आलेल्या मॅस्टोडॉनच्या ४.२.८ आवृत्तीत, आठवडाभर एकही मॉडरेटर फिरकला नाही तर खुली नोंदणी आपोआप मंजुरीवर जाते. पडीक सर्व्हरांवर खरा उपाय हाच. मात्र अपडेट करायला तिथे कुणी हवं.

त्या मिस्की सर्व्हरच्या चालकाला लिहिलं होतं. त्याने नोंदणी बंद केली, खाती झाडली आणि आम्ही लिमिट काढलं. बाकीच्या डोमेनांवरच्या बंदीच्या खासगी टिपणीत तारीख आणि कारण नोंदवलंय.