स्वेटर आणि १०३ डिग्री

सकाळी कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोतल्या ला होयाच्या किनाऱ्यावर स्वेटर घालून कुडकुडत उभे होतो. जून महिना, आणि सूर्याचा पत्ताच नाही! इथे याला 'जून ग्लूम' म्हणतात. समुद्र थंड, त्यावरची दमट हवा गारठते, वर गरम हवेचं झाकण बसतं आणि ढग खालीच अडकून पडतात. गाडीत पारा ६४ फॅरनहाइट.

किनारा सोडून डोंगरांकडे निघालो, रमोना गावाच्या आसपास ढग मागे पडले. ज्युलियन गावात, साधारण ४,२०० फुटांवर, पाइनच्या झाडांत लख्ख ऊन, सावलीत मात्र छान गारवा. मग बॅनर ग्रेडचा घाट. आम्ही उतरतोय आणि पारा चढतोय! झाडं संपली, ओकोटिलोची काटेरी झुडपं सुरू. समुद्राचा ओलावा डोंगरांनी पलीकडेच अडवलेला. वाळवंटातल्या बोरेगो स्प्रिंग्जला गाडीचं दार उघडलं तर भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं झालं. १०३! अर्ध्या तासात दोन बाटल्या पाणी संपलं, फोटो जेमतेम चार.

परतताना रमोनाच्या पुढे तीच ढगांची राखाडी भिंत दिसली. सकाळी जिला नावं ठेवली, तिला बघून चक्क हुश्श झालं. घरी पोचेपर्यंत स्वेटर परत अंगात.