अनशापोटी

भाषांतराच्या वर्गात कधी कधी मी सगळ्यांना वह्या मिटायला सांगतो. एकाने फळ्यावर भाषांतर करायचं आणि डोक्यात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं, अर्धवट, तुटक, कसंही. ही रीत माझी नाही. १९८६ साली जर्मनीत हान्स क्रिंग्स यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो असं बोलत बोलत भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ध्वनिमुद्रणांवरच उभा होता. बोलण्याने वेग मंदावतो, हे खरं. शिकवताना मला तेच हवं असतं.

त्या दिवशी औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक घेतलं होतं. गोळी 'एम्प्टी स्टमक' घ्यावी, म्हणजे खाण्याच्या किमान एक तास आधी किंवा दोन तासांनंतर. एक विद्यार्थिनी पुढे आली. "रिकाम्या पोटावर... छे, पोटावर कसलं, पोटी." मग एकदम तिचा चेहरा खुलला. "आजी म्हणते तसं, अनशापोटी!"

तो शब्द ऐकून मला इतका आनंद झाला की मी मान डोलावली. वहीत दिसला असता तर 'छान' असं लिहून पुढे गेलो असतो.

ती मात्र थांबली नव्हती. "पण सर, अनशापोटी म्हणजे सकाळी उठल्यावर, काही न खाता. ही गोळी तर संध्याकाळीही चालेल." शब्द पुसला. 'जेवणाआधी एक तास' लिहिलं आणि पुन्हा पुटपुटली, "आजी चार वाजता चहाबरोबर खारी खाते. त्याला ती जेवण कुठे म्हणते?" जेवणही गेलं. बराच वेळ ती फळ्याकडे बघत राहिली. शब्द सुचवायचा मोह मी आवरला. मग तिने लिहिलं: 'गोळी घेण्याआधी दोन तास आणि घेतल्यानंतर एक तास काहीही खाऊ नये.'

"आकडे उलटे झाले," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

मी फळ्यावर घड्याळ काढलं. चारला खारी, तर गोळी सहाला, आणि पुढचं खाणं सातनंतर. अगदी बरोबर होतं. मूळ वाक्य खाण्यापासून वेळ मोजत होतं. तिने ती गोळीपासून मोजली, कारण आजीच्या हातात त्या वेळी गोळी असते.

पुढच्या वाक्यात 'ड्रॉझिनेस' होतं. खडू दुसऱ्याच्या हातात गेला, आणि गुंगी, सुस्ती, झापड यांवरून मागचा बाक आपणहून मोठ्याने विचार करू लागला.