शेऱ्याच्या रकान्यात धूळ

चंद्रपूर तालुक्यात कृषी सहायक आहे, त्यामुळे पंचनामे नेहमीचेच. अतिवृष्टी, गारपीट, बोंडअळी. डिसेंबरातल्या त्या सकाळी मात्र तलाठी आणि मी धुळीचा पंचनामा करायला निघालो.

गावाला लागूनच स्पंज आयर्नचा, म्हणजे पोलादासाठी लागणाऱ्या कच्च्या लोखंडाचा, कारखाना. दिवसा चिमणी साधूसारखी शांत. रात्री वीज वाचवायला धूळ पकडणारं यंत्र, ईएसपी, बंद करतात आणि भट्टीवरची टोपी उघडतात, असं गावकरी सांगतात. थंडीत धूर वर चढत नाही, सुटेल ते शिवारावरच बसतं.

फुटलेल्या बोंडांवर काळा थर होता. झटकला की सरकीपर्यंत आत जायचा. असा कापूस व्यापारी कवडीत मोजतो.

पंचनाम्याच्या नमुन्यात धूळ हे कारणच नाही. 33 टक्क्यांवर नुकसान झालं तर सरकारी मदत मिळते, पण आपत्ती यादीतली हवी. म्हणजे उरते कंपनीशी तडजोड, आणि तिचे पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला. या शेताचा मालक चंद्रपुरात राहतो. कसणाऱ्यानं मक्ता, म्हणजे शेताचं वर्षाचं भाडं, पेरणीआधीच रोख भरलेला. "धूर मी खाऊ, अन् पैसे त्याले?" तो म्हणाला. तलाठी गप्प. मीही.

वेचणाऱ्या बायांचं तर त्याहून वाईट. मजुरी किलोवर, दिवसभर त्याच धुळीत वाकलेल्या, तोंडाला पदर. कापूस मळका म्हणून त्यांचाच दर आधी पाडलेला. "आमचं नाव कोठी लिवता जी?" एकीनं विचारलं. रकाना नव्हता. शेऱ्यात लिहिलं: मक्तेदार व मजूर बाधित, धुळीच्या स्रोताची रात्री तपासणी व्हावी.

परतताना तलाठी म्हणाला, "प्रदूषणात चंद्रपूर देशात चौथं होतं ना?" होतं. 2009 च्या केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या यादीत, प्रदूषणाचे गुण शंभरपैकी 83.88. पण ते अख्ख्या पट्ट्याचे गुण. हवेतल्या बारीक कणांची, पीएम 2.5 ची, मर्यादा 24 तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम आहे, आणि या गावात मोजायला यंत्रच नाही. मोजलंच नाही तर मर्यादा ओलांडली हे सिद्ध कोण करणार?

दोनेक महिन्यांनी तडजोड झाली. रक्कम मालकाच्या खात्यात. मक्तेदाराला त्यानं पुढच्या सालच्या मक्त्यात थोडी सूट कबूल केली, तीही तोंडी. बायांपर्यंत काही आलं नाही. शेऱ्यातल्या ओळीबद्दल वरच्या कार्यालयानं एवढंच विचारलं, की ही मागणी कृषी खात्याच्या कक्षेत येते का.