सिगारेट सुटली, खोकला वाढला

आज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना निम्म्यातच धाप लागली. सिगारेट सोडल्यापासून खोकला, कफ उलट वाढलाय. डॉक्टरांच्या बोलण्याने मात्र खूप धीर आला. धुराने लुळे पडलेले श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलू लागतात, साचलेला कफ बाहेर ढकलतात. काही आठवडे असं चालू शकतं.

पण दमा असेल तर छातीतली घरघर अंगावर काढू नका, हे कळकळीने सांगतोय! तातडीचा पंप खिशात हवाच. रोजचा स्टेरॉइडचा पंप बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचा नाही, आणि घेतल्यावर चूळ भरायची.

बायको पायरीवर शेजारी बसून राहिली. फार आधार वाटला.

सिगारेट सोडायचीय कुणाला? १८००-११-२३५६, सरकारी हेल्पलाइन, मोफत. नक्की फोन करा.